एक जूनची मुलं

धामणगाव बढे,
१० डिसेंबर १९७०

इंद्रभान, जयभीम.

दादरहून परतलेल्या सहदेवकाकांनी तुझं पार्सल काल आणून दिलं. आईच्या मनीऑर्डरीच्या कुपनावर तू तीन शब्द लिहितोस, ते सोडलं तर चार वर्षांत तुझ्याकडून आलेली ही पहिली गोष्ट. आईला शाल आवडली. ती नेसायची की पांघरायची हे तिनं मला दोनदा विचारलं, इतकी ती पातळ आहे.

काका चहा पिताना तुझं वर्णन करत होते. "इंद्रभान मोठा साहेब झाला वो बाई. गळ्यात पट्टा, पायात बूट, अन् चेहरा असा का जसं कोनी मागं लागलं हाय त्याच्या." मी विचारलं, कोण लागलं आहे? काका म्हणाले, "काय मालूम. म्हने अजून एक भाषा शिका लागते." आई चुलीपाशी होती. तिथूनच म्हणाली, "काऊन वं, हा पोरगा अजून भाषाच शिकून राह्यला का? त्याचा बाप तं एकाच भाषेत सारं बोलून मेला."

या भाषा कॉम्प्युटरच्या असतात, हे आईला मी काय सांगणार? आधी तू यंत्राच्या त्या भोकांच्या फळीत तारा खोचायचास आणि म्हणायचास, हीच विद्या. मग ऑटोकोडर आला आणि तारा खोचणारे अडाणी ठरले. मग सहा महिने फोरट्रानचा ताप. आता कोबोल. आणि पार्सलमधल्या पत्रात तू आतापासूनच कुठल्याशा पी.एल. वनची भीती घालतोस, की ती आली नाही तर कालची पोरं डोक्यावर बसतील. बसू देत. ज्याचं डोकं दर दोन वर्षांनी रिकामं करून नव्यानं भरावं लागतं, त्यावर बसायला जागा भरपूर असते.

मला पाठवलेलं कोबोलचं पुस्तक मिळालं. "जुनी आवृत्ती झाली, रद्दीत टाकण्यापेक्षा तुला," असं तू लिहितोस. पुस्तकावर १९६८ छापलं आहे. आमच्या शाळेत भूमितीचं जे पुस्तक मी शिकवते त्यातलं ज्ञान दोन हजार वर्षांहून जुनं आहे आणि अजून एकाही मुलीनं आवृत्ती बदलून मागितलेली नाही. असो. जाड आहे. पापडावर ठेवायला उपयोगी पडेल.

आता पार्सलमधल्या प्रोग्रॅमच्या कागदाविषयी. ऑटोकोडरच्या काळात तुझे कागद दर आठवड्याला इथे यायचे. मी एकेक ओळ, यंत्र चालवील तशी, मनात चालवून पाहायची, आणि चूक दिसली की लाल पेन्सिलीची खूण करून उलट टपाली पाठवायची. ते यंत्र मी आजतागायत पाहिलेलं नाही. मग तुझं पत्र आलं: अक्का, आता तसदी नको, नवं यंत्र चुका स्वतःच सांगतं, आणि ही भाषा तुला समजायची नाही. त्यानंतर कागद बंद, पत्रंही बंद. आज चार वर्षांनी एक कागद येतो, तोही तपासायला नाही. मी थक्क व्हावं म्हणून. कुठल्याशा ट्रस्टच्या शिष्यवृत्ती परीक्षेला बसणाऱ्या मुलांची राज्यभरची यादी तुमची कंपनी करते आहे आणि नावं क्रमानं लावायला पूर्वी दोनशे ओळी लागायच्या, ते आता "सॉर्ट" या एका शब्दात होतं. झाले बघ मी थक्क. पूर्वी दोनशे ओळी लिहिताना माणूस निदान दोनशे वेळा विचार करायचा.

यादी लावून झाल्यावर आडनाव, नावाचं पहिलं अक्षर, जन्मतारीख आणि गाव हे चारही जुळले तर दुसरं कार्ड दुबार समजून तू गाळतोस, ते मला बरं दिसत नाही. हल्ली सगळंच एका शब्दात होतं म्हणा, तेव्हा शंकेलाही एकच शब्द पुरे: पाहा.

बूट घालतोस ते बरं आहे. मुंबईत खडे फार असतील.

कोकिळा


धामणगाव बढे,
२ जानेवारी १९७१

इंद्रभान,

उत्तर लगेच आलं, म्हणजे टोमणे लागले. शंका मात्र लागलेली दिसत नाही.

तू लिहितोस की शाळा घाईत एकाच मुलाचे दोन दोन अर्ज पाठवतात, म्हणून दुबार गाळणं भागच होतं. यंत्रात घालायच्या भोकांच्या कार्डावर ऐंशीच घरं असतात, म्हणून पूर्ण नावाला जागा नव्हती. मुंबईच्या शाळांच्या अर्जांवर चालवून पाहिलं, एकही चूक निघाली नाही. साहेबांनी पाठ थोपटली. आणि शेवटी हे: "एकाच गावात, एकाच आडनावाचे, एकाच अक्षराचे, एकाच दिवशी जन्मलेले दोघे सापडणं जवळजवळ अशक्य. गणिताची शिक्षिका असून तुला संभाव्यता सांगावी लागते."

संभाव्यता मी तुला शिकवली. ओट्यावर, चिंचोके टाकून. तेव्हा तू म्हणाला होतास की चिंचोका बोलत नाही म्हणून त्याच्यावर विश्वास ठेवता येतो.

काल मुद्दाम शालिग्राम गुरुजींकडे गेले. आता त्यांना कमी दिसतं; आवाजावरून ओळखतात. मी विचारलं, गुरुजी, तुम्ही हेडमास्तर असताना शाळेच्या दाखल्यावर सगळ्या मुलांची तारीख एक जून का लिहिलीत? ते हसले, मग खोकले, मग पुन्हा हसले.

"मंग काय लिहू बाई? शाया उघडे जूनात. सहा वर्स पुरे असले तं पोरगं घेता ये. माय म्हने, जवारी खुरपून राह्यलो होतो तवा झालं. बाप म्हने, नाई, कपाशी येचून राह्यलो होतो. आता त्या नवराबायकोचं भांडन मी मिटवत बसू का साह्यबाले कागद देऊ? एक जून लिवला अन् मोकया झालो. कोनाचं काई बिघडलं का त्याच्यानं?"

मी म्हणाले, आजवर नाही.

"मंग?"

मग काही नाही. त्यांच्यानंतरच्या हेडमास्तरांनीही तेच केलं, त्यांच्यानंतरच्यांनीही. मोताळ्यात तेच, मेहकरात तेच. आमच्या सातवीच्या वर्गात बहुतेक मुलं एकाच दिवशी जन्मलेली आहेत, आणि आडनावं मोजून चार. हे ज्याला माहीत नाही असा मुंबईचा साहेब असू शकतो. पण तुझा स्वतःचा दाखला काढून बघ. तायडे, इंद्रभान, एक जून एकोणीसशे चौतीस. आणि तुझ्या बाकावर शेजारी बसायचा तो इंदल? तायडे, एक जून एकोणीसशे चौतीस. ज्या शिष्यवृत्तीवर तू अमरावतीला गेलास आणि तिथून मुंबईला, तिच्या यादीला हा प्रोग्रॅम लावला असता तर तुमच्यातला एक जण गळला असता. कोण, हे कुणाचं कार्ड आधी आलं यावर. आणि तू नेहमीच उशिरा यायचास.

तुला संभाव्यता कळते. तुला गाव कळत नाही, आणि ते विसरायला तुला एकाही आवृत्तीची गरज पडली नाही.

यादी अजून छापली नसेल तर थांबव.

कोकिळा


धामणगाव बढे,
१९ जानेवारी १९७१

इंद्रभान,

तुझं पोस्टकार्ड मिळालं. "यादी छापून गेली. काळजी नसावी."

आज शाळेत परीक्षेच्या प्रवेशपत्रांचे गठ्ठे आले. काळजी करायला आता मला तुझ्या परवानगीची गरज नाही.

सातवीतल्या अन्नपूर्णा तायडेचं आलेलं नाही. आशा तायडेचं आलं. दोघी एका आळीतल्या, पण घरं वेगळी, बाप वेगळे. रोमन लिपीत दोघींचं पहिलं अक्षर एक, आणि जन्मतारीख कुठली ते तुला सांगायला नको. तीच गत गवयांच्या दोन मुलांची, तीच वानखेड्यांची. जिथे जिथे दोन होती तिथे एक उरलं आहे. तुझं यंत्र फार व्यवस्थित आहे.

मधल्या सुट्टीत आशी अन्नपूर्णेला म्हणत होती, "माहं नाव मशीननं छापलं. तुह्यं नाई. म्हंजे तू जलमलीच नाईस वं." आणि बाकीच्या पोरी हसत होत्या. अन्नपूर्णा हसली नाही, रडलीही नाही. तिनं मला येऊन विचारलं की जन्माचा दाखला पुन्हा काढता येतो का.

शाळा सुटल्यावर तिची आई आली, रुखमाबाई. रोजानं जाते. शेतातून तशीच आली होती, पदराला कापूस चिकटलेला. "बाई, माह्यी पोरगी पेपराच्या आंधीच नापास झाली का वो?" मी म्हणाले, नाही, कागदाची चूक आहे. "कागदाची चूक असते तं मानूस दुरुस्त करते. तुमी कराल नं?" हे ट्रस्टवाले मुलीला मॅट्रिकपर्यंत वसतिगृहात ठेवणार आहेत. शिष्यवृत्ती नाही मिळाली तर मेमध्ये तिचं लग्न आहे. मुलगा बघून झालेला आहे. ती बारा वर्षांची आहे, किंवा तेरा. तुझ्या आणि माझ्या कागदाप्रमाणे एक जूनला तेरा पूर्ण होतील.

परीक्षा फेब्रुवारीच्या शेवटच्या रविवारी. आता वाद घालण्याइतका वेळ नाही. तुझ्या साहेबांकडे जा आणि सांग की प्रोग्रॅम चुकला.

आणखी एक गोष्ट. डिसेंबरातल्या पत्राची नक्कल माझ्या रोजनिशीत आहे. ती आज वाचली. एक कामाचं वाक्य मी इतक्या टोमण्यांच्या मधे बसवलं होतं की तू ते टोमणाच समजलास. मी ते तसं का बसवलं? तुझी चूक दिसली याचा मला आनंद झाला होता का? रोजनिशीत मी "नाही" लिहिलं, मग खोडलं, मग तसंच सोडलं. यानं तुझी चूक कमी होत नाही. पण आजचं पत्र म्हणूनच सरळ लिहिते आहे. जमेल तितकं.

कोकिळा


धामणगाव बढे,
३० जानेवारी १९७१

इंद्रभान,

या वेळी चांगली चार पानं. माणूस घाबरला की त्याचं अक्षर सुधारतं.

तुझं म्हणणं माझ्या शब्दांत मांडते. चुकलं तर सांग. एक मार्चला तुला सिनिअर प्रोग्रॅमर म्हणून पक्कं करणार आहेत. पी.एल. वन शिकायला जो गट निवडतील त्यात तुझं नाव आहे. गटात बाकी सगळे तुझ्याहून दहा वर्षांनी लहान. आत्ता चूक कबूल केली तर ते म्हणतील, तायड्यांना जमत नाही, त्यांना पुन्हा कार्डं भोसकणाऱ्या खात्यात बसवा. म्हणून मी गुपचूप फक्त धामणगावच्या मुलांची नावं पाठवायची. तू रविवारी ऑफिसात जाऊन हातानं कार्डं घालशील, प्रवेशपत्रं छापशील, आणि कुणाला काही कळणार नाही. "अन्नपूर्णेचं काम झाल्याशी तुला मतलब."

तुला माझ्याविषयी काय वाटतं ते या एका ओळीत आहे. आणि खरं सांगायचं तर पूर्ण चूक नाही. पत्र आलं तो गुरुवारचा दिवस मी तुझ्या बाजूनं काढला. नावं लिहायला घेतली. अन्नपूर्णेचं वर घातलं. मनात म्हटलं, माझी मुलं माझी जबाबदारी, राज्याचा मक्ता मी घेतलेला नाही. चार नावं लिहून झाल्यावर हिवरा आश्रमच्या शाळेतल्या सुभद्राबाईंचं पोस्टकार्ड आलं. मी त्यांच्या शाळेत चौकशी केली होती. त्यांच्याकडचीही गळली आहेत. त्यांनी लिहिलं आहे: "आम्हाला वाटलं, मुलांचे अर्जच नीट नसतील. मुलांनाही आम्ही तसंच सांगितलं."

मुलांनाही तसंच सांगितलं. हे वाक्य तू कार्डावर भोसकून ऑफिसात लाव.

मुंबईचं एकही मूल गळलं नाही, कारण मुंबईच्या मुलांच्या आया दवाखान्यात बाळंत होतात आणि तिथे भिंतीवर कॅलेंडर असतं. गळली ती शेतावर जन्मलेली. तुझी "अशक्य" गोष्ट फक्त आपल्याच लोकांच्या बाबतीत शक्य होती. हे साहेबाला माहीत नव्हतं, त्या पंचविशीतल्या पोरांना माहीत नव्हतं. यंत्राच्या त्या थंड काचेच्या खोलीत एकाच माणसाला माहीत असायला हवं होतं. त्यासाठी कोबोल लागत नव्हतं, पी.एल. वन लागत नव्हतं. स्वतःचा दाखला एकदा वाचायला लागत होता.

तू नव्याच्या मागे धावतोस याची मला चीड येते असं इतके दिवस वाटायचं. मग वाटलं, हेवा असेल. मी शिकायला तयार होते आणि तू दार लावून घेतलंस. दोन्ही थोडं थोडं असेल. पण तुझी चार पानं वाचताना जे वाटलं ते या दोन्हींपेक्षा साधं आहे. तू धावतोस ते पुढे जायला नाहीच. आपण कुठून आलो ते कुणी विचारण्याआधी पुढच्या वळणावर पोचायला. प्रत्येक नवी भाषा तुला एवढ्यासाठीच हवी असते की तिच्यात सगळेच नवखे असतात.

धामणगावची नावं मी पाठवणार नाही. साहेबांकडे जा. तुला आठवडा आहे; नाहीतर ट्रस्टला मी लिहीन.

कोकिळा


नांदुरा स्टेशन,
शनिवार, ६ फेब्रुवारी १९७१

इंद्रभान, जयभीम.

आठवडा झाला. तुझी काल तार आली: "कृपया थांब." पोस्टमास्तरांनी ती वर्गात आणून दिली. तार म्हणजे कुणीतरी गेलं असं समजून मुली उभ्या राहिल्या.

मी थांबले नाही. काय केलं ते क्रमानं सांगते.

आज दुपारी शाळा सुटल्यावर ट्रस्टच्या नावे एक पत्र गावातल्या पेटीत टाकलं. त्यात लिहिलं आहे की खेड्यापाड्यांतल्या मुलांची जन्मतारीख शाळेनं लावलेली असते, त्यामुळे वेगवेगळी मुलं दुबार समजून गाळली गेली आहेत. आमच्या आणि हिवरा आश्रमच्या शाळेची उदाहरणं दिली आहेत. परीक्षेआधी यादी पुन्हा करावी अशी विनंती आहे. प्रोग्रॅम कुणाचा, हे लिहिलेलं नाही. अर्जदार म्हणून माझी सही आहे, कोकिळा तायडे. आडनावावरून कुणी काही ताडलं तर त्याला माझा इलाज नाही; गावात ते आडनाव पुष्कळांचं आहे, हे आता त्यांना कळेलच.

आपल्या पेटीची तुला आठवण असेल. आजची खेप मी टाकायच्या आधीच निघून गेली होती, हे मी पाहूनच टाकलं. उद्या रविवार. सोमवारी ते पत्र पिशवीत पडेल, एसटीनं मलकापूरला जाईल, तिथून पुढे. बुधवारच्या आत ते ट्रस्टच्या टेबलावर पोचत नाही.

मग मी एसटी धरून इथे आले. हे पत्र मी मुंबई मेलच्या टपालडब्यात स्वतःच्या हातानं टाकणार आहे, उशिराच्या टपालाचं लेट फीचं जादा तिकीट लावून, वर एक्स्प्रेस डिलिव्हरी असं लिहून. सोमवारी सकाळी तू ऑफिसला निघायच्या आत ते तुझ्या हातात पडेल. म्हणजे सोमवार आणि मंगळवार तुझे. त्या दोन दिवसांत चूक तुला सापडलेली असू शकते. साहेबांना तू स्वतः जाऊन सांगितलेली असू शकते. बुधवारी ट्रस्टचा फोन येईल तेव्हा दुरुस्ती सुरूही झालेली असू शकते. किंवा बुधवारी तुला बोलावून घेतील. याहून जास्त मला देता येत नाही. हेही द्यावं की नाही याचा एसटीत बसून पुष्कळ विचार केला. असे दोन दिवस रुखमाबाईला कुणी दिले?

सोबत एक कागद आहे. दुरुस्ती. चारही गोष्टी जुळल्या तर यंत्रानं गाळायचं नाही. दोन्ही नावं शेजारी शेजारी वेगळ्या कागदावर छापायची आणि माणसानं अर्ज काढून बघायचे. बापाचं नाव अर्जावर आहेच. तुझ्याच कोबोलात लिहिली आहे. होय, पुस्तक वाचलं. पापडावर ते एकदाही ठेवलं नाही. भाषा वाईट नाही. "मुव्ह" म्हणते आणि नक्कल करते, मूळ जागचं हलतच नाही, एवढा एक खोटेपणा सोडला तर सरळ आहे. प्रत्येक ओळ चारदा चालवून पाहिली आहे. पण माझी आवृत्ती अडुसष्टची, रद्दीतली. मधल्या काळात तुमच्या यंत्रानं काही बदललं असेल तर मला कळायचा मार्ग नाही. तेवढं तू बघ. तुझं सगळं नवं शिकणं एकदा तरी त्या कामी येऊ दे.

कागदावर माझं नाव नाही. तू तुझं घालशील, घाल. आजवर तसंच चालत आलं आहे आणि त्याचं मला कधी वाईट वाटलं नव्हतं. या वेळी वाटेल. पण घाल.

निघताना आईनं विचारलं, "इंद्याले लिवून राह्यली का? मंग विचार त्याले, जल्मदिवसाले काय खातो तो तिथं मुंबईत, एकटा." तिच्या मते तुझा वाढदिवस एक जूनला असतो, शाळेत तसं लिहिलं आहे ना. तिच्या आता काही लक्षात राहत नाही. माझ्या आहे. तू पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी झालास, उजाडता उजाडता. बैलांच्या शिंगांचा रंग अजून ओला होता. मी आठ वर्षांची होते आणि दाराबाहेर बसून होते, म्हणून सगळ्यांच्या आधी मला कळलं. हे कुठल्याही कार्डावर नाही, पण त्या दिवशी आपल्या गावात दुसरं कुणीही जन्मलं नव्हतं.

मेल सिग्नलला लागली आहे. डबा इंजिनाकडून तिसरा असतो असं हमाल सांगतो आहे. पळावं लागेल.

कोकिळा